रेलिंगपलीकडचं गिऱ्हाईक

बांगडी गाडीवर बसून भरता येत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीत तर आमच्या रस्त्याचं पुढं काय झालं ते सगळं नीट कळेल, म्हणून आधीच सांगून टाकते.

कोथिंबीर गाडीवरून घेता येते. दुधाची पिशवी, मोबाईलचं कव्हर, वडापाव, डोकेदुखीची गोळी, सगळं घेता येतं. एक पाय खाली टेकवायचा, गाडी चालूच ठेवायची आणि हाक मारायची. दुकानातलं कुणीतरी पळत बाहेर येतं. आमच्या पिंपरी-चिंचवडकडं निम्मा बाजार असाच चालतो. माणसाला कंपनीत पोचायचं असतं, नाहीतर कंपनीतून घरी पोचायचं असतं. पण बांगड्यांना बाई आत यावी लागते, बसावी लागते, तिनं आपला हात माझ्या हातात द्यावा लागतो. मी तो जरा दाबून बघते, अंगठा आत दुमडून घेते आणि गप्पांना सुरुवात करते. या गप्पा उगाच नसतात बरं का. बाईचं लक्ष बोलण्यात गेलं की हात सैल पडतो, आणि एक नंबर कमीची बांगडीसुद्धा न तडकता मनगटावर जाऊन बसते. ठरलेल्या बांगड्या भरून झाल्या की वर एक आशीर्वादाची घालायची, आणि बाईनं वाकून नमस्कार करायचा. एवढं सगळं व्हायला वेळ लागतो, आणि आमच्या रस्त्यावर वेळ काढायला कुणाला जागाच उरली नव्हती.

आमच्या शेजारी चाचांचं चपलांचं दुकान. त्यांच्या वडलांपासूनचं. ते मला भाभी म्हणतात, मी त्यांना चाचा म्हणते, वयानं तसे आम्ही बरोबरीचेच आहोत. ते म्हणायचे, "भाभी, आपला दोघांचा धंदा एकच. तुम्ही हात धरता, मी पाय धरतो. गिऱ्हाईक बसलं तरच आपली चूल पेटणार."

मी लग्न होऊन आले तेव्हा या रस्त्यानं माणसं रस्त्याच्या मधून चालायची. मग कारखाने वाढले, वस्ती वाढली, घरटी एक गाडी आली, मग घरटी दोन आल्या. आमच्या दारासमोर मोटारसायकलींची एक रांग लागायची, तिच्यापुढं दुसरी रांग. दुकानात यायचं तर बाईनं साडी गोळा करून, दोन हँडलांच्या मधून, तिरकं होऊन आत शिरायचं. सायलेन्सर तापलेला असायचा. कितीतरी बायकांच्या पोटरीला मी इथंच बसल्या बसल्या हळद आणि खोबरेल लावलंय. ज्या बाईला चटका बसला ती काही परत यायची नाही, आली तरी पोरं घेऊन यायची नाही.

त्यात नवरा गाडीवर बाहेर. बाई आत येऊन टेकते न टेकते तोच हॉर्न. "झालं का?" पुन्हा हॉर्न. अशा बाईचा हात लाकडासारखा ताठ होतो. मग काय भरणार कपाळ?

तर असं करता करता गिऱ्हाईक रोडावलं, आणि मुलानं विषय काढला. माझा मुलगा महाळुंग्याला एका कंपनीत आहे, शिफ्टचं काम. दमून येतो बिचारा. एकदा जेवता जेवता म्हणाला, "आई, एक मोबाईलवाला आपलं दुकान भाड्यानं मागतोय. काचा-बिचा लावून चकाचक करणारे. तू आता किती दिवस बसणार?"

मी काही बोलायच्या आत सूनबाई बोलली, "मी बसते की."

सून माझी लातूरकडची. आमच्याकडं सासूला आई म्हणतात, ती तिच्या गावच्या रीतीनं मला आत्या म्हणते. आली तेव्हा तिला वाटायचं आपल्यालाही कंपनीत नोकरी लागेल. पण पोरगी लहान होती, बसची वेळ जमेना, म्हणून दुकानात येऊन बसायला लागली. आणि काय सांगू, हात असा हलका निघाला की म्हाताऱ्या बायका मला सोडून तिच्यापुढं हात करायला लागल्या. मला थोडं लागलंच, पण बरंही वाटलं. तिला हे दुकान हवं होतं. दुसरं तिनं कधी काही मागितलं नाही, ना दागिना, ना माहेरी जायचं.

मुलगा म्हणाला, "अगं, तू बसशील. गिऱ्हाईक बसणारे का?"

शेवटी ठरलं की दिवाळीपर्यंत बघायचं. दिवाळीला मोबाईलवाला परत येईल, तेव्हा काय ते हो-नाही सांगून टाकायचं.

नेमकं त्याच साली होळी झाल्यावर महापालिकेची माणसं आली. म्हणाली, या रस्त्याला रुंद फुटपाथ करणार, गाड्या एकाच बाजूला लागणार, झाडं राहणार, चालणाऱ्या माणसाला मोकळं करणार. सूनबाईला इतका आनंद झाला की तिनं त्या दिवशी शिरा केला.

बाकीच्या दुकानदारांचं मात्र धाबं दणाणलं. मारुतीच्या देवळाच्या मंडपात सगळ्यांची बैठक बसली. किराणावाले शेठ आमच्या रस्त्यावरचे पुढारी. माणूस चांगला, पण बोलायला लागला की समोरच्याला तोंड उघडू देत नाही. महापालिकेकडून एक इंजिनिअर मुलगी आली होती, पाठीला सॅक, पायात बूट. तिनं भिंतीवर मोठा नकाशा लावला. शेठ म्हणाले, "मॅडम, गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक पुढं निघून जातं. आमचं गिऱ्हाईक गाडीवरूनच येतं."

मुलगी म्हणाली, "काका, गाडीवरचं गिऱ्हाईक एक वस्तू घेतं आणि जातं. पायी चालणारं चार दुकानं बघतं."

"हे तुमच्या पुस्तकात असेल. बरं, फुटपाथ तर तुम्ही करणारच. मग आमची एक अट आहे. फुटपाथला या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीलचं रेलिंग पाहिजे. कमरेइतकं. मधे एकसुद्धा फट नको."

"रेलिंग कशाला?"

"कशाला म्हणजे? मोकळा फुटपाथ दिसला की उद्या सकाळी हातगाड्या लागतील. पेरूवाला, गजरेवाली, भेळवाला, चायना मालवाला. भाडं भरायचं आम्ही आणि गिऱ्हाईक त्यांनी न्यायचं? तुम्ही येणार का हाकलायला?"

मंडपात टाळ्या पडल्या. ती मुलगी सांगत होती की रेलिंगनं चालणारा माणूस कोंडला जातो, रस्ता ओलांडायची सोय राहत नाही, निदान मधे मधे जागा सोडू या. पण ऐकतंय कोण. रेलिंग नसेल तर काम होऊ देणार नाही म्हणाले. मागच्या बाजूला आम्ही तिघी-चौघी बायका बसलो होतो. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर रेलिंग आलं की दारातल्या मोटारसायकली जातील, यावर मी मनातल्या मनात खूशच होते.

पावसाच्या आधी काम झालं. फुटपाथ असा सुरेख झाला की काय सांगू! आम्ही दोघी त्यावर अनवाणी चालून बघितलं. दारात एक गाडी नाही, धूर नाही, चटका नाही. आणि सगळ्या लांबीला ते चकचकीत रेलिंग. शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले.

पुढच्या आठवड्यात फुटपाथवर एक माणूस दिसेना.

म्हणजे असं झालं. कंपन्यांच्या बसेस आणि सिक्स सीटर रिक्षा थांबतात आमच्या समोरच्या बाजूला. गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या पोरी, बाया सगळ्या पलीकडं उतरतात. आधी त्या गाड्यांतून वाट काढत कशाबशा इकडं यायच्या. आता येणार कुठून? एकतर रेलिंगवरून उडी मारायची, नाहीतर वरच्या चौकापर्यंत जायचं, सिग्नलला थांबायचं आणि तेवढंच अंतर परत चालत यायचं. तरणी पोरं उड्या मारायची. साडीतली बाई काय करणार? हातगाड्याही गेल्या मागच्या गल्लीत. तिथं ना फुटपाथ ना दिवे, नुसता चिखल, तरी सगळी गर्दी तिकडं. कारण पेरू तिकडं, गजरे तिकडं, भेळ तिकडं. आमच्याकडं नुसतं रेलिंग.

सूनबाई दारात उभी राहून म्हणायची, "आत्या, बायका पलीकडं थांबून बघायल्यात. हात बी करायल्यात. पण येईना गेल्यात."

खरंच होतं. माझं नेहमीचं गिऱ्हाईक समोरून ओरडायचं, "मावशी, पुढच्या वेळी येते हं!" आणि रिक्षात बसून जायचं. नदीच्या दोन काठांवर उभं राहून बोलावं तसं आमचं बोलणं चाललेलं.

शेठचंही काही बरं चाललं नव्हतं. त्यांचं गाडीवरचं गिऱ्हाईक रेलिंगच्या बाहेर गाडी लावून हाक मारायचं, आणि शेठचा माणूस रेलिंगवरून पिशव्या द्यायचा. एकदा रव्याची पिशवी पाइपाला घासून फाटली आणि सगळा रवा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. चाचा दारात उभे राहून म्हणाले, "शेठ, आता वर साखर-तूप टाका, प्रसाद होईल!" शेठ चार दिवस चाचांशी बोलले नाहीत.

श्रावण आला. श्रावणात आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. त्या श्रावणात आम्ही दोघी समोरासमोर बसून एकमेकींच्या हातात बांगड्या भरत होतो, हाताला सवय राहावी म्हणून. मुलगा एकदा दुपारी त्या मोबाईलवाल्याला घेऊन आला. तो दाराची रुंदी बघायला लागला, टेप लावून. सूनबाई आत जाऊन माठातलं पाणी आणून त्याला देऊन आली. त्या दिवशी ती जेवलीही नाही नीट. मुलालाही ते दिसलं. म्हणाला, "मी काय मुद्दाम करतोय का?" त्याचंही खोटं नव्हतं.

आणि मग तो दिवस. संध्याकाळची वेळ, पाऊस नुकता उघडलेला. समोर एक रिक्षा थांबली. तिच्यातून एक म्हातारी उतरली, आणि मागून सातव्या महिन्यातली तिची सून. म्हातारी इथल्याच जुन्या गावातली, तिच्या लग्नाचा चुडा माझ्या सासूनं भरला होता, तिच्या लेकींचा मी भरला. सुनेचं डोहाळजेवण दुसऱ्या दिवशी होतं आणि हिरव्या बांगड्या आमच्याकडच्याच पाहिजेत असा तिचा हट्ट. गाड्यांमधून वाट काढत दोघी रेलिंगपर्यंत आल्या आणि थांबल्या. म्हातारीनं पाइपाला धरून इकडं-तिकडं बघितलं.

"अगं ए, वाट कुठनं हाय?"

मी म्हटलं, "वाट वरच्या चौकातनं आहे, आक्का."

"तिथवर हिला चालवू व्हय? आन् रिक्षावाला तर म्हणतो तिकडनं वळायला बंदी हाय. म्या तरी उडी मारीन एकवेळ, पर हिनं काय करावं?"

तिची सून ओशाळून म्हणाली, "राहू द्या आत्ती, दुसरीकडं भरू." आणि ती वळलीसुद्धा.

मी उठायच्या आधी माझी सून उठली होती. तिनं हिरव्या बांगड्यांचा डबा उचलला, एक स्टूल उचललं आणि सरळ रेलिंगपाशी जाऊन बसली. मला म्हणाली, "आत्या, पदर धरा, पाणी टपकायलंय झाडाचं." चाचांनी हे बघितलं. आपल्या दुकानातली गिऱ्हाइकाची खुर्ची त्यांनी डोक्यावरून रेलिंगपलीकडं दिली आणि म्हातारीला म्हणाले, "बिठाओ बेटी को." पोरगी खुर्चीवर बसली, रस्त्यात. तिनं पाइपावरून हात इकडं दिला. आणि माझ्या सुनेनं रेलिंगवरून डोहाळजेवणाच्या बांगड्या भरायला घेतल्या.

मागं गाड्या तुंबल्या. हॉर्नवर हॉर्न. एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "काय आज्जी, येरवड्याच्या जेलात भेटायला आल्यासारखं वाटतंय!" म्हातारी त्याच्यावर अशी उसळली, "गप रं मुडद्या! पोटुशी बाई हाय, दिसत न्हाई व्हय?" त्यानं बिचाऱ्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि मागच्यांना हात करून बाजूनं जायला सांगायला लागला. लोक जमले. दोन-चार बायका पलीकडूनच म्हणाल्या, "हिचं झालं की आमच्याही भरा हो!"

गोंधळ ऐकून शेठ बाहेर आले. "वहिनी, हे काय? रस्त्यावर दुकान मांडलं का?"

मी म्हटलं, "दुकान तुमच्या रेलिंगच्या आतच आहे, शेठ. गिऱ्हाईक बाहेर आहे. मी काय करू, सांगा."

शेठ रेलिंगपाशी येऊन बघत उभे राहिले. बांगड्या भरून झाल्या. सुनेनं आशीर्वादाची बांगडी चढवली. ती पोरगी खुर्चीतून उठून वाकायला गेली, तर मधे रेलिंग. तिनं पाइपालाच डोकं टेकवलं. हे बघून म्हातारीच्या डोळ्यात पाणी आलं, आणि माझ्या सुनेनं पटकन दोन्ही हात पाइपावरून पलीकडं नेऊन तिच्या डोक्यावर ठेवले.

शेठ हळूच म्हणाले, "माझ्याही सुनेला सातवाच महिना लागलाय." आणि आत गेले.

त्या इंजिनिअर मुलीला फोन शेठनीच केला. मला हे चाचांनी सांगितलं. शेठ फोनवर म्हणे, "मॅडम, तुमचंच बरोबर होतं" असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "मॅडम, जरा चहाला या."

ती आली. आणि बघा, "मी सांगितलं होतं ना" हे तीही म्हणाली नाही. हे मला तिचं फार आवडलं. रेलिंग कापायचं म्हटल्यावर दुकानदारांची नवीन भांडणं. प्रत्येकाला फट आपल्याच दारासमोर हवी. ती म्हणाली, "मी दोन-तीन दिवस संध्याकाळी येऊन उभी राहते, मग ठरवू." आणि खरंच येऊन उभी राहायची. दुकानांकडं बघायचीच नाही, माणसांच्या पायांकडं बघायची. सूनबाईनं विचारलं, "ताई, नेमकं काय बघायलाव?"

"पोरं कुठून उड्या मारतात ते बघतेय. हा पाइप बघा, इथं पाय ठेवून ठेवून घासलाय. लोकांनी जागा आधीच ठरवलीय. आपण फक्त कापायचं."

पाइप घासला होता कडुनिंबाच्या झाडापाशी, शेठच्या दुकानाच्या अलीकडं. आमच्या दारासमोर नव्हता घासला. सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. पण त्या इंजिनिअर मुलीनं रस्ता ओलांडायला तिथं चौथऱ्यासारखा उंचवटा करून घेतला, म्हणजे गाड्यांना हळू व्हावंच लागतं आणि बाई फुटपाथची पायरी न उतरता सरळ इकडं येते. नंतर रेलिंग बऱ्याच ठिकाणी निघालंच. राहिलं ते वळणावर, जिथं ते हवंच होतं.

सुनेनं आमच्या दारापुढं एक गोष्ट मागून घेतली. बाक. शेठ लगेच म्हणाले, "बाक नको, टवाळ पोरं बसतील." ती म्हणाली, "टवाळ पोरं न्हाईत काका, नवरे बसतील." सगळे हसले, पण बाक मिळाला. त्याचं तोंड आधी रस्त्याकडं करून ठेवलं होतं. तिनं गवंड्याला सांगून दुकानांकडं करून घेतलं.

आणि इथं मला आयुष्यभराच्या धंद्यात न कळलेली गोष्ट कळली. नवरा बसला की बायको बसते. गाडी लावायच्या जागेत लावून नवरा बाकावर येऊन टेकायचा, मोबाईल बघायचा, शेजारच्याशी कंपनीच्या ओव्हरटाइमचं रडगाणं गायचा. हॉर्न नाही, "झालं का" नाही. मग बाईचा हात माझ्या हातात असा सैल पडायचा, की ती भरायला आलेली असायची रोजच्या साध्या बांगड्या आणि म्हणायची, "मावशी, त्या लाल काढा बघू जरा." एकदा तर एक नवरा बाकावर झोपून गेला. बायको म्हणाली, "राहू द्या, रात्रपाळी करून आलाय," आणि चाचांकडं चपला बघायला गेली.

गजरेवाली परत आली. हातगाड्यांना महापालिकेनं पिवळ्या पट्ट्यांच्या जागा आखून दिल्या. शेठनी थोडी कुरकुर केली, पण मग त्यांच्याच लक्षात आलं की गजरा घ्यायला थांबलेली बाई जाता जाता गूळ-शेंगदाणे घेऊन जाते. आता त्या पेरूवाल्याला दुपारी पाणी शेठकडूनच जातं.

नवरात्रात ती इंजिनिअर मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्रश्न विचारत हिंडत होती. रस्त्यावर समाधानी आहात का, पाचपैकी किती गुण द्याल. आमची माणसं असं सरळ उत्तर देतात होय? एक जण म्हणाला, "पाच देतो, पण माझ्या गल्लीत पण करा." एक आजोबा म्हणाले, "गुण कसले, बसायला मिळालं, बास." भाजीच्या पिशव्या घेतलेली एक बाई मात्र थांबली आणि ठणकावून म्हणाली, "तीन. बायकांनी तासभर बाजारात हिंडायचं तर मुतारी कुठंय? ती करा, मग पाच घ्या." मुलगी म्हणाली, "हे मी सगळ्यांत वर घालते." अजून झालेली नाही ती. पण जागा बघून गेलेत, आणि आम्ही काही विषय सोडणार नाही.

दिवाळी आली. वसुबारसेच्या दिवशी संध्याकाळी मोबाईलवाला उत्तर घ्यायला आला. मुलगा पहिल्या शिफ्टवरून येऊन आंघोळ करून दुकानाकडं आलेला. आत यायला दोघांनाही जागा नव्हती. आत सूनबाई एकीचा हात धरून बसलेली, दोघी तिच्या मागं, एक दारात. मी डबे काढून देत होते. दोघं बाकावर जाऊन बसले. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि खरं सांगते, एका हाताला मी चुकीच्या नंबरच्या बांगड्या काढून दिल्या, इतकं माझं लक्ष बाहेर.

मोबाईलवाला म्हणाला, "काय ठरलं मग, दादा?"

मुलानं मान वळवून आत बघितलं. मग म्हणाला, "ठरवायचं मी नाही. दुकान तिचं आहे, तिला विचारा."

"कुणाला, वहिनींना?"

"हो. पण तुम्हाला नंबर लावावा लागेल. चार जणी आहेत पुढं."

मोबाईलवाला हसला. भला माणूस. थोडा वेळ बसला, शेजारच्या भेळवाल्याकडं भेळ खाल्ली, आणि जाताना दारातून डोकावून म्हणाला, "वहिनी, वरच्या कोपऱ्यावर एखादं दुकान रिकामं झालं तर सांगा. या रस्त्यावरच पाहिजे."

सूनबाई मान वर न करता म्हणाली, "सांगते की. दिवाळीच्या शुभेच्छा." तिच्या हातातली बांगडी तेवढ्यात मनगटावर गेली. ती समोरची बाई म्हणाली, "अगंबाई, कळलंसुद्धा नाही!"

दुकान तिच्या हातात गेलं, आणि मी मोकळी झाले. तेव्हा मला कळलं की इतक्या वर्षांत मी आमचा बाजार कधी बघितलाच नव्हता. मी आत बसून फक्त दारासमोरून गेलेला बाजार बघितला होता. आता संध्याकाळी चहा झाला की मी चपला घालते, त्याही चाचांकडच्या, मऊ तळाच्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. कुणी हाक मारतं, कुणी लाडू देतं, कुठल्या दुकानात दिवा गेलाय ते मी सांगते. परवा फुटपाथ जिथं संपतो तिथपर्यंत गेले, तर पुढच्या रस्त्याचे दोन दुकानदार दारात उभे. त्यातला एक म्हणाला, "आजी, आमच्याकडं पण होणारे म्हणे तुमच्यासारखं. आमची गिऱ्हाइकं जाणार नाहीत ना?"

मी म्हटलं, "स्टूल दे बसायला, सांगते."

त्यानं स्टूल दिलं, चहा मागवला. शेजारचे आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले. मी सुरुवात करतेय तोच फोन वाजला. सूनबाई.

"आत्या, कुठं हाव? इथं एक बाई तुमालाच विचारायलीय. नवरीचा चुडा भरायचाय म्हणती, मी भरू का तुमी येताव?"

"तूच भर," मी म्हटलं. "मला इथं वेळ लागेल."